जुन्या एस्टीमच्या एसीत आर-१२ ऐवजी १३४ए: गॅस सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९९४ ची एस्टीम, गाडी नागपूरला, एसी दोन उन्हाळे बंद. सर्व्हिस पोर्ट (गॅस भरायची तोंडं) आट्यांचे आहेत, म्हणजे सिस्टीम आर-१२ या जुन्या गॅसची. मेकॅनिक म्हणतो, "आतला गॅस सोडतो, १३४ मारतो, दीड तासात गाडी घेऊन जा." १३४ म्हणजे १३४ए, आर-१२ च्या जागी आलेला गॅस. त्याला हो म्हणावं का?

नका म्हणू. आर-१२ ची गाडी १३४ए वर नक्की नेता येते आणि नीट केली तर वर्षानुवर्षं चालते. पण दीड तासात जे होतं ते फक्त गॅस भरणं. कॉम्प्रेसर जगणार की जाम होणार, हे त्याआधीच्या कामावर ठरतं.

आर-१२ शोधत बसू नका. तो सीएफसी गटातला गॅस. भारत १९९२ मध्ये ओझोन वाचवण्याच्या माँट्रियल करारात सामील झाला आणि दम्याच्या पंपांचा अपवाद सोडला तर ऑगस्ट २००८ पासून इथलं सीएफसीचं उत्पादन थांबलं. आज "ओरिजिनल १२" म्हणून जे मिळतं त्यात काय असेल याचा भरवसा नाही. सिस्टीममध्ये उरलेला १२ मात्र हवेत सोडू देऊ नका. तो ओझोनचा थर खातो. रिकव्हरी मशीन असलेल्या गॅरेजमध्येच काढून घ्या.

आता मुख्य अडचण, तेलाची. आर-१२ सोबत मिनरल तेल चालतं. ते १३४ए मध्ये विरघळत नाही. तेल डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये आणि कंडेन्सरमध्ये (गॅस थंड करणारी समोरची जाळी) साचून राहतं, परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. दीड तासाचं काम केलेल्या गाड्या पहिल्या महिन्यात छान थंड करतात आणि भर मे महिन्यात कॉम्प्रेसर जातो, तो यामुळे.

म्हणून कॉम्प्रेसर खाली उतरवायला लावा. पोर्ट खाली करून तो उलटा धरायचा, क्लचचा हब हाताने फिरवायचा आणि तेल पांढऱ्या भांड्यात घ्यायचं. तेव्हा स्वतः तिथे उभे राहा. तेल फिकट आणि स्वच्छ असेल तर पुढे जा. भांडं उन्हात तिरकं केल्यावर चांदीसारखी चमक दिसली, तर कॉम्प्रेसर आतून झिजतोय. काळं, जळकट वासाचं असेल तर तो गेलाच समजा. अशा कॉम्प्रेसरवर १३४ए चा खर्च करू नका, आधी दुसरा कॉम्प्रेसर बघा. निघालेलं तेल मोजून ठेवा, म्हणजे नवीन किती घालायचं याचा अंदाज येतो.

नवीन तेल पीएजी की एस्टर? दोन्ही १३४ए सोबत चालणारी कृत्रिम तेलं. रूपांतरासाठी मी एस्टर घालतो. पीएजी ओलावा फार पटकन ओढतं आणि आत उरलेल्या १२ मधल्या क्लोरीनशी त्याचं जमत नाही. कॉम्प्रेसर बनवणाऱ्याने पीएजीच सांगितलं असेल तर तेच घाला, पण मग फ्लशिंगमध्ये जराही कसूर नको. कंडेन्सर, कूलिंग कॉइल आणि पाइप एसीच्या फ्लशनेच धुवायचे, पेट्रोल किंवा थिनरने नाही.

ड्रायर, म्हणजे गॅसमधला ओलावा शोषणारी डबी, नवाच लागेल. जुन्यातला एक्सएच-५ हा शोषक १३४ए सोबत टिकत नाही, एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ वाला घ्या. ओ-रिंग सगळ्या एचएनबीआर या रबराच्या, बहुतेक हिरव्या मिळतात. कॉइलमध्ये गॅस सोडणारा एक्सपान्शन व्हॉल्व्हही बदला, त्यासाठी कॉइल उघडावीच लागते. पोर्टवर १३४ए चे अडॅप्टर लागतील.

गळती शोधताना गॅरेजची कॉम्प्रेसरची हवा भरू देऊ नका. त्यात ओलावा असतो, शिवाय दाबाखाली हवेत मिसळलेला १३४ए पेट घेऊ शकतो. कोरडा नायट्रोजन आणि साबणाचं पाणी, एवढं पुरतं.

नागपूरचा उन्हाळा हा तुमच्यासाठी वेगळा मुद्दा आहे. साधारण २० अंशांना दोन्ही गॅसचा दाब सारखाच असतो, पण कंडेन्सरमध्ये ७० अंश झाले की १३४ए चा दाब १२ पेक्षा सुमारे ३० पीएसआयने जास्त जातो. बाहेर ४५ अंश असताना, जुन्या सर्पेंटाइन (एकाच नागमोडी नळीच्या) कंडेन्सरवर आणि दमलेल्या फॅनवर हा भार पडतो. माझं मत विचाराल तर पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे कुठेही वाचवा, पण कंडेन्सर पॅरलल फ्लोचा (अनेक समांतर नळ्यांचा) घ्या आणि फॅन दमदार बसवा. हाय-प्रेशर कटऑफ स्विच नसेल तर तोही लावून घ्या.

मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं. पाऊण तास तरी पंप चालू द्या, नंतर गेज बंद करून अर्धा तास काटा हलतो का बघा. हलला तर गॅस भरायचा नाही.

आणि भरताना वजनकाटा हवाच. जुने मेकॅनिक ड्रायरवरच्या काचेत बघून भरतात: बुडबुडे गेले की गॅस पुरा. आर-१२ ला ते चालायचं. १३४ए मध्ये बरोबर भरल्यावरही काचेत फेसाळ दिसू शकतं. काच स्वच्छ होईपर्यंत भरत गेलं की जादा गॅस जातो, दाब चढतो आणि थंडावा उलट कमी होतो. लेबलवर १२ चं वजन समजा ७०० ग्रॅम असेल, तर ५६० ग्रॅमपासून सुरू करून थोडं थोडं वाढवा. ६३० च्या पुढे जाऊ नका.

कुणी स्वस्तात घरगुती सिलिंडरचा गॅस किंवा आर-२२ (घरच्या जुन्या एसीतला गॅस) सुचवेल. पहिला डॅशबोर्डमागच्या कॉइलमधून गळला तर पेटता गॅस थेट माणसांमध्ये येतो, दुसऱ्याचा दाब ही सिस्टीम सोसूच शकत नाही. १३४ए चा डबाही ओळखीच्या दुकानातून, सीलबंद घ्या. २०११ मध्ये बनावट गॅस भरलेल्या रेफ्रिजरेटेड कंटेनरांचे कॉम्प्रेसर फुटून माणसं दगावली होती. त्या गॅसमध्ये आर-४० (मिथाइल क्लोराइड) होता आणि तो ॲल्युमिनियमशी घातक पदार्थ बनवतो.

काम झाल्यावर बॉनेटखाली स्टिकर लावा: १३४ए, तेलाचा प्रकार, ग्रॅम, तारीख. मग दुपारी इंजिन १५०० आरपीएमवर धरून दोन्ही गेजचे आकडे, बाहेरचं तापमान आणि मधल्या व्हेंटचं तापमान मला कळवा. बाहेर ३५ अंश असेल तर लो साइड (कमी दाबाची बाजू) ३० ते ४० आणि हाय साइड (जास्त दाबाची बाजू) २०० ते २४० पीएसआयच्या आसपास यायला हवी. हाय साइड फारच वर दिसली तर गॅसला हात लावण्याआधी फॅन तपासा.