वाचकांचे प्रश्न : थोरला आखाड्यातून उतरला तेव्हा

प्रश्न : काका, आमच्या घरात आजोबांपासून कुस्ती आहे. माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. बाराव्या वर्षापासून तो तालमीत राहिला. गेले दोन हंगाम त्याला मनासारख्या कुस्त्या मिळाल्या नाहीत, आणि आता तो कबड्डी खेळायचं म्हणतोय. गावच्या संघानं त्याला पकडीसाठी बोलावलंय. वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय. भाऊ म्हणतो, जपानचा सर्वोच्च पदावर पोहोचलेला एक सुमो पैलवानसुद्धा सुमो सोडून अमेरिकन फुटबॉल खेळायला गेला होता. हे खरं आहे का? आणि त्यातून त्याला काय मिळालं?
– एक वाचक भगिनी, तासगाव तालुका

उत्तर : ताई, खरं आहे. तो पैलवान म्हणजे वाकानोहाना. त्याच्या कुस्त्या मी पाहिल्या आहेत, म्हणून उत्तर जरा लांबेल.

१९९३ ते २००१ मी तोक्योत नोकरीला होतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी र्‍योगोकू भागातल्या कोकुगिकान या सुमोच्या सभागृहाबाहेर रांगेत उभं राहायचं, वरच्या मजल्यावरचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढायचं आणि रिकाम्या सभागृहात नवशिक्या पोरांच्या लढती बघत बसायचं, हा माझा शिरस्ता होता. चार वाजेपर्यंत सभागृह भरत यायचं. मग वाकानोहाना चढला की बायका-पोरं एका सुरात ओरडायची, ‘ओनीचान!’ म्हणजे दादा. धाकटा भाऊ ताकानोहाना त्याच्याच तालमीतला आणि त्याच्या आधी योकोझुना झालेला, म्हणून या थोरल्याला सगळा देश ‘दादा’ म्हणायचा. योकोझुना म्हणजे सुमोतलं सर्वोच्च पद.

त्याचं खरं नाव मासारू हानादा. काका योकोझुना, वडील ओझेकी, म्हणजे योकोझुनाच्या एकच पायरी खाली. तालीम वडिलांचीच. तुमच्या घरासारखंच घर म्हणा ना. सुमोत वजनी गट नसतात. हा गडी १३० किलोंच्या आसपास, आणि समोर आकेबोनो, मुसाशिमारू असे २०० किलोंच्या वरचे. तरी त्यानं पाच स्पर्धा जिंकल्या. त्यातली १९९५ च्या नोव्हेंबरमधली मी टीव्हीवर पाहिली. एका तालमीच्या पैलवानांची एरवी आपसात लढत लावत नाहीत, पण दोघांचे विजय सारखे झाले तर निर्णायक लढत घ्यावीच लागते. त्या दिवशी समोर सख्खा धाकटा भाऊ होता. थोरला जिंकला. माझ्या शेजारची जपानी आजी डोळे पुसत होती, आणि कुणासाठी ते तिलाही सांगता येईना.

१९९८ च्या मे महिन्यातल्या विजयानंतर तो ६६ वा योकोझुना झाला. सख्खे भाऊ दोघंही योकोझुना, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

आता तुमच्या वडिलांना सांगण्यासारखी गोष्ट. ओझेकी लागोपाठ दोन स्पर्धांत कमी पडला तर एक पायरी खाली येतो आणि पुन्हा झगडून वर चढू शकतो. योकोझुनाला खाली उतरवत नाहीत. त्याला जिंकता येईना झालं की एकच वाट उरते, निवृत्तीची. वाकानोहानाचे पाय दुखापतींनी जायबंदी झाले होते. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये तो अर्ध्यातून माघार न घेता पंधराच्या पंधरा दिवस लढला आणि ७ विजय, ८ पराभव घेऊन बाहेर पडला. योकोझुनाच्या नावावर विजयांपेक्षा जास्त पराभव, हे दहा वर्षांत घडलं नव्हतं. मार्च २००० मध्ये तो निवृत्त झाला. वय २९! बाकीच्या खेळांत या वयात माणूस ऐन भरात असतो. आणि योकोझुना झाल्यावर एकही स्पर्धा त्याला जिंकता आली नव्हती. मला फार वाईट वाटलं होतं, अजून वाटतं.

निवृत्त योकोझुनाला जपानात मानाची, पोटापाण्याची वाट असते. सुमो संघटनेत राहायचं आणि पोरं घडवायची. त्यानं वर्षअखेरीस संघटना सोडली आणि अमेरिका गाठली, फुटबॉल शिकायला. अ‍ॅरिझोनातल्या रॅटलर्स नावाच्या संघाबरोबर त्यानं सराव केला. हा बंदिस्त सभागृहात, छोट्या मैदानावर खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलचा संघ. एनएफएल या तिथल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेपर्यंत तो पोहोचला नाही. मग जपानात परतून ओनवर्ड स्कायलार्क्स या कंपनीच्या संघातून बचावफळीत खेळला. पुढे तोही खेळ सुटला आणि त्यानं चांकोची हॉटेलं काढली. चांको म्हणजे सुमो तालमीत मोठ्या पातेल्यात शिजतं ते कालवण, त्यांचा खुराक.

तेव्हा माझ्या ऑफिसातले लोक विचारायचे, हा वेडेपणा कशासाठी? मला तो वेडेपणा वाटला नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पायानं क्वचितच मारतात. दोन्ही बाजूंचे जाडजूड गडी समोरासमोर वाकून, हात जमिनीला टेकून बसतात आणि चेंडू हलला की एकमेकांवर आदळतात. जो खालून शिरतो तो वरच्याला उचलतो. सुमोचा पैलवान पहाटेपासून दुसरं काय करतो? शिको म्हणजे पाय उंच उचलून जमिनीवर आपटणं, सुरिआशी म्हणजे पाऊल न उचलता घासत पुढं सरकणं. सगळी मेहनत कंबर खाली ठेवण्यासाठी. शिवाय वाकानोहानाचा हुकमी डाव होता ओत्सुके. प्रतिस्पर्ध्याचा हात कमरपट्ट्याकडे येतोय असं दिसलं की त्याचं कोपर बाहेरून दाबून खालून वर रेटायचं, म्हणजे त्याची पकडच बसत नाही आणि तो उभा होतो. बचावफळीतल्या फुटबॉलपटूला समोरच्याचे हात असेच बाजूला सारावे लागतात.

मग अडलं कुठं? माझ्या मते सुरुवातीच्या त्या धडकेनंतर. सुमोचं रिंगण साडेचार मीटर व्यासाचं. लढत बहुधा काही सेकंदांत संपते, आणि दिवसाला एकच. फुटबॉलमध्ये समोरच्याला ढकललंत तरी काम संपत नाही. चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या मागं धावायचं, परत यायचं, पुन्हा वाकायचं, आणि हे सामन्यात कितीतरी वेळा. सुमोत समोर एकच माणूस, इथं बाजूनं दुसरा येऊन धडकतो. आणखी एक बारीक फरक मला नेहमी महत्त्वाचा वाटत आलाय. सुमोची लढत सुरू करायला शिट्टी नसते. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघून, श्वास जुळला की उठतात. फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्याला चेंडूवर नजर ठेवून उठावं लागतं. बारा वर्षं माणसाच्या श्वासावर उठायची सवय लागलेल्या शरीराला हे तिशीत शिकवायचं, आणि तेही दुखऱ्या पायांवर.

म्हणूनच अलीकडचं एक उदाहरण देतो. हिदेतोरा हानादा, आडनाव तेच पण घराणं वेगळं. २०२० मध्ये कॉलेजच्या पहिल्याच वर्षी तो जपानचा हौशी सुमो विजेता झाला. धंदेवाईक सुमोची दारं त्याला उघडी होती. पण त्यानं फुटबॉल उचलला आणि कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या बचावफळीत जागा मिळवली. गुडघे धड असताना, विशीत.

तुमचा भाऊ २४ चा आहे, म्हणजे या दुसऱ्या हानादाच्या जवळ. कुस्तीची कंबर, मानेची ताकद, पट काढताना खाली शिरायची सवय, हे सगळं त्याला चढाईवाल्याला धरताना उपयोगी पडेल. जे उपयोगी पडणार नाही तेही त्याला आजच कळू द्या. पकड एकट्याची नसते. शेजारच्याच्या हाताला हात असतो, आणि आपण आधी झेपावलो तर साखळी तुटते. कुस्तीत चित केल्यावर कुस्ती संपते. इथं गडी धरला तरी तो मध्यरेषेकडे हात लांबवत राहतो, दम सुटेपर्यंत धरून ठेवावं लागतं. पहिले सहा महिने त्याला आपण पुन्हा बारा वर्षांचे झालोय असं वाटेल. त्या काळात घरातलं कुणीतरी सामन्याला जाऊन बसलं पाहिजे.

वडिलांना मी काय सांगणार? ते वयानं आणि या विद्येत माझ्यापेक्षा मोठे. पण पोरानं तालीम सोडली म्हणजे तालीम त्याच्या अंगातून जात नाही, हे ते एका सामन्यात स्वतःच ओळखतील. पैलवानाचा बाप पोराची पकड लांबून ओळखतो. त्यांना घेऊन जा, आधी काही बोलू नका.

आणि एक काम करा. कबड्डीच्या स्पर्धांत वजनाची अट असते. भाऊ खुराकावर वाढलेला आहे, तेव्हा आज त्याचं वजन किती भरतं आणि त्याच्या गटाची मर्यादा काय, हे संघाच्या प्रशिक्षकांना विचारून मला पुढच्या पत्रात कळवा. वजन उतरवायचं असेल तर ते कसं, हे त्यावरच लिहितो.