पांदणीला हार्डटेल, डोंगराला काय?

सायकलविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : भाऊ, मी अचलपूर तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. वय ३८, वजन ८४ किलो. माझ्याकडे २९ इंची चाकांची ॲल्युमिनियमची हार्डटेल आहे, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली; पुढे चाक धरणारा, १०० मिलिमीटर दबणारा हवेचा फोर्क. शाळा, वावर, तालुक्याची कामं, सगळं तिच्यावरच. रविवारी मित्रांसोबत सातपुड्याच्या पायथ्याला वझ्झरकडे जातो, कधी घाट चढून चिखलदऱ्याला. दगडगोट्यांतून उतरताना मागचं चाक असं उडतं की रात्री कंबर धरते. आता फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढेमागे दोन्हीकडे दबणारी, घ्यायची आहे, पण हार्डटेल विकायची नाही. बजेट पावणेदोन लाख. दोन सायकली नजरेत आहेत. एक नवी, मागे १२० आणि पुढे १३० मिलिमीटर ट्रॅव्हल (चाक किती वरखाली हलतं ते). दुसरी पुण्यातली वापरलेली एन्ड्युरो, म्हणजे मोठ्या उतारांसाठीची, मागे १६०, पुढे १७०. किंमत जवळजवळ तीच, पण सामान वरच्या दर्जाचं. मित्र म्हणतात मोठीच घे. बायको म्हणते, एक असताना दुसरी कशाला? कोणाचं ऐकू?
— एक शिक्षक, अचलपूर तालुका

उत्तर : सर, आधी वहिनींचा प्रश्न घेऊ. तुमच्या पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न तोच आहे, आणि त्याचं उत्तर मिळालं की बाकीचं आपोआप सुटतं.

तुमच्या हार्डटेलच्या टायरमध्ये हवा किती असते, ते तुम्ही लिहिलं नाही. आपल्याकडे काट्याच्या भीतीनं ट्यूब टणक ठेवायची सवय आहे; ४५-५० पीएसआय भरून लोक दगडांतून उतरतात आणि कंबर धरली की फ्रेमला दोष देतात. महिनाभर असं करून बघा : २.३ इंची टायर, ट्यूबलेस, तुमच्या वजनाला मागे २६-२७ पीएसआय, पुढे त्याहून दोन-तीन कमी. रिम ट्यूबलेसची आहे ना, एवढं आधी पाहून घ्या. उतारावर सीट चार बोटं खाली करा, पॅडलवर उभे राहा, गुडघे सैल सोडा. एवढ्यानं कंबर गप्प बसली तर वहिनींचं म्हणणं खरं, पावणेदोन लाख वाचले. उभं राहूनही मागचं चाक उसळून वाट सोडत असेल, ब्रेक लावला की दगडावर नुसतं टपटपत असेल, तर मात्र मागे सस्पेन्शन हवंच. तिथे चाक जमिनीला धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे, पाठीला मऊ लागणं हा वरचा फायदा.

घ्यायचीच ठरली, तर दुसऱ्या सायकलीला पहिलीचं काम द्यायचं नाही. पांदण, मुरुमाचा रस्ता, डांबरी, शाळेची रपेट, बाजाराची पिशवी, हे हार्डटेलचं. पावसाळाही तिचाच. मृग लागला की आपली काळी माती टायरला धरते आणि फ्रेममध्ये अशी गच्च बसते की चाक फिरत नाही. हार्डटेलला काडीनं उकरून पुढे जाता येतं. फुल सस्पेन्शनला तोच चिखल मागच्या त्रिकोणात, पिव्हटच्या, म्हणजे हलत्या सांध्यांच्या, बेचक्यात आणि मागच्या शॉकच्या (दबणाऱ्या नळीच्या) खाली जाऊन बसतो. म्हणून मृगापासून पोळा होऊन रान वाळेपर्यंत नवी सायकल भिंतीला टेकलेली बरी.

हे सगळं वजा केल्यावर उरतं काय? पायथ्याच्या टेकड्या, सुटे काळे गोटे, कोरडे नाले, ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या, गुरांच्या वाटा. चिखलदरा साधारण ११०० मीटर उंचीवर आहे आणि तुमचं अचलपूर पावणेचारशेच्या आसपास. सातशे मीटरचा उतार ऐकायला मोठा वाटतो, पण तुम्ही तो उतरता डांबरी घाटानं. वरच्या रानातल्या वाटा मनात असतील तर त्या सोडा. १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांतला मेळघाट एक. त्याच्या गाभ्यात परवानगीशिवाय शिरायचं नाही, आणि अस्वलाला तुमचं ट्रॅव्हल किती मिलिमीटर आहे याच्याशी देणंघेणं नसतं. म्हणजे तुमच्या वाट्याला येणारे दगडी उतार आखूड आहेत, मध्ये मध्ये चढ आहेत, आणि प्रत्येक चढ तुमच्याच पायांनी चढायचा आहे.

अशा ठिकाणी १६० ची एन्ड्युरो म्हणजे दोन एकरांच्या वावरात हार्वेस्टर. ती लांब, उभ्या, वेगाच्या उतारांसाठी बांधलेली असते. वजन बहुतेक १५-१६ किलो. हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी होणारा कोन) ६४ अंशांच्या आसपास, म्हणजे फोर्क पुढे पसरलेला; हळू चढावर पुढचं चाक डावीउजवीकडे भटकतं. कमी उताराच्या वाटेवर तर ती सगळे दगड गिळून टाकते आणि तुम्ही नुसते वर बसून राहता. मित्रांना मोठी हवी असेल तर त्यांनी घ्यावी, आपण एकदा फेरी मारू.

उलट बाजूला १०० मिलिमीटरची शर्यतीची फुल सस्पेन्शनही तुमच्या कामाची नाही, कारण ती तुमच्या हार्डटेलच्या फारच जवळ येते. मागे १२०, पुढे १३० हीच तुमच्यासाठी बरोबर जागा. हेड अँगल ६५-६६ मिळाला तर उत्तम. ६८ असेल तर ती दगडांची नाही.

चढाला ती ओढेल का, ही शंका मनात असेलच. ती भीती जुनी झाली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकच्या शर्यतीत चेक रायडर यारोस्लाव कुल्हावी फुल सस्पेन्शनवर होता आणि स्विस निनो शुर्टर हार्डटेलवर. दीड तासाच्या शर्यतीत सोनं आणि रुपं यांत एका सेकंदाचं अंतर पडलं, आणि सोनं कुल्हावीला गेलं. चार वर्षांनी रिओला शुर्टरनं सुवर्ण जिंकलं ते फुल सस्पेन्शनवर. पॅडल मारताना सायकल खालीवर डुलते ती बहुतेक वेळा शॉकमध्ये हवा कमी असल्यानं. घाटाच्या डांबरी चढाला शॉक जाम करणारी लॉकआउटची खटकी असली की झालं. मात्र वर पोचल्यावर ती उघडायची आठवण ठेवा.

आता शॉकची गोष्ट, कारण दुकानात सगळे रंग आणि गिअर बघतात आणि हे कोणी विचारत नाही. शॉकवर दोन आकडे असतात, समजा १९० × ४५. पहिला त्याची लांबी, दुसरा तो किती दबतो ते, म्हणजे स्ट्रोक. १२० मिलिमीटर ट्रॅव्हलला ४५ चा स्ट्रोक म्हणजे मागचं चाक शॉकच्या सुमारे २.७ पट हलतं. हे गुणोत्तर तीनच्या वर जात असेल तर ८४ किलोच्या माणसाला शॉकमध्ये फार दाब भरावा लागतो. अशी फ्रेम टाळा. तुम्ही हेल्मेट, पाण्याची पिशवी सगळं चढवून सायकलवर उभे राहिलात की शॉक स्ट्रोकच्या तीस टक्के दबला पाहिजे, ४५ ला साडेतेरा मिलिमीटर. शॉकच्या दांड्यावर रबरी रिंग असते, तीच माप दाखवते. पुढचा फोर्क वीस टक्के. त्यासाठी शॉकचा वेगळा पंप लागतो, ३०० पीएसआयपर्यंत जाणारा. चाकाच्या पंपानं हे होत नाही.

कागदावरची मापं पडताळताना एक जपा. हार्डटेलवर बसलं की फक्त पुढचा भाग दबतो. १०० चा फोर्क वीस मिलिमीटर खाली गेला की हेड अँगल जवळजवळ एक अंशानं उभा होतो. फुल सस्पेन्शन पुढेमागे दोन्हीकडे दबते, अँगल फारसा बदलत नाही. त्यामुळे कागदावर दोघींचा आकडा सारखा दिसला तरी रानात नवी जास्त निवांत वाटेल. रीचचा (पॅडलच्या धुऱ्यापासून हँडल किती पुढे आहे त्याचा) आकडा मोठा बघून साइझ कमी करू नका. नव्या सायकलींची सीट ट्यूब उभी असते, बसल्यावर हँडल तितकं लांब लागत नाही. दुकानात बसून बघा, उभे राहूनही बघा.

तुमच्या शेजारच्या परतवाड्यात शॉक उघडणारा कोणी नाही, हे धरून चाला. शॉक बनवणाऱ्या कंपन्यांपैकी रॉकशॉक्सवाले चालवल्याच्या दर ५० तासांनी वरवरची सर्व्हिस सांगतात, फॉक्सवाले १२५ तासांनी किंवा वर्षातून एकदा. ५० तासांचं काम सील किट मागवून तुम्ही घरी शिकू शकता, आतल्या, हालचाल आवरणाऱ्या डॅम्परला मात्र शॉक खोक्यात घालून मोठ्या शहरात पाठवावा लागतो. म्हणून ज्याची किट सहज मिळतात तोच शॉक घ्या. कंपनीनं फक्त त्या एका मॉडेलसाठी बनवलेला विचित्र आकाराचा नको. वापरलेल्या एन्ड्युरोत हीच खरी मेख आहे. वरच्या दर्जाचं सामान सर्व्हिसलाही वरच्याच दर्जाचे पैसे मागतं. तरीही मन तिच्यातच अडकलं असेल तर सीट धरून मागचा भाग हलकेच उचला. चाक उचलण्याआधी टक् करून ढिलाई जाणवली तर बेअरिंग किंवा बुशिंग गेली. फोर्कच्या नळीवर नख फिरवा, ओरखडा नखाला लागला तर तेल गळणारच.

एका सायकलची चाकं दुसरीला बसतील ही आशा सोडा. तुमची मागची चाकाची जागा बहुधा १३५ मिलिमीटरची असेल, नवीची १४८ ची. ब्रेक मात्र दोन्हींना एकाच तेलाचे घ्या. शिमानो कंपनीच्या ब्रेकमध्ये मिनरल तेल असतं, श्रॅम कंपनीच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट. डॉट मोटारसायकलच्या दुकानात मिळतं म्हणून मोह होतो, पण मिनरलच्या ब्रेकमध्ये ते गेलं तर आतली रबरं खराब होतात.

सगळे पावणेदोन लाख सायकलीवर उडवू नका. पंधरा-वीस हजार बाजूला ठेवा : शॉकचा पंप, सीलंट, गुडघ्याचे पॅड, चांगलं हेल्मेट, आणि नवीला नसेल तर ड्रॉपर सीटपोस्ट (चालवताना खटकीनं सीट खालीवर करणारा दांडा). दगडी उतारावर ड्रॉपरनं जो फरक पडतो, तो मागच्या जास्तीच्या वीस मिलिमीटरनं पडत नाही.

प्रश्न : दादा, मी अकरावीत आहे. बाजारात चौदा हजारांत डबल शॉकर सायकल मिळते, डिस्क ब्रेकसहित. घेऊ का? बाबा हो म्हणाले आहेत.
— एक विद्यार्थी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : नको. त्या पैशांत मागे जे बसवतात ती नुसती स्प्रिंग असते. तिला परत येताना आवरणारं तेल आत नसतं, म्हणून खड्ड्यात दबते आणि तितक्याच जोरात तुला वर फेकते. चढाला अर्धी ताकद तीच खाते, आणि वजन अठरा किलोच्या घरात जातं. त्याच पैशांत साध्या फोर्कची, मागे काही नसलेली सायकल घे, उरलेत तर चांगले टायर टाक. बाबा हो म्हणालेच आहेत तर हेल्मेटही मागून घे.

प्रश्न : माझी फुल सस्पेन्शन दोन वर्षांची आहे. संत्र्याच्या बागेतून रोज ये-जा. पॅडल मारलं की कुईकुई वाजते. दुकानदारानं बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या धुऱ्याचं बेअरिंग) बदललं, तरी वाजतेच.
— एक बागायतदार, मोर्शी तालुका

उत्तर : पॅडल न मारता, उभं राहून सायकल नुसती खालीवर दाबून बघा. तेव्हाही वाजली तर बॉटम ब्रॅकेटचा दोष नव्हता, पिव्हटचा आहे. आधी शॉकचे दोन्ही बोल्ट काढून, पुसून, ग्रीस लावून बसवा; निम्म्या वेळा तिथेच मिटतं. नाहीतर मागचा त्रिकोण सोडवावा लागेल. बेअरिंगवर ६९०२ वगैरे नंबर कोरलेला असतो, तोच नंबर घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा, पण रबरी सील दोन्ही बाजूंनी असलेलं मागा, आणि पिंजरा नसलेलं, गच्च गोळ्या भरलेलं मिळालं तर तेच घ्या. बोल्ट आवळायला टॉर्क पाना वापरा, आकडा फ्रेमवरच छापलेला असतो. आणि बागेतून आल्यावर मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा मारून घेत असाल, तर ते आजपासून बंद. ते पाणी सील ओलांडून थेट बेअरिंगमध्ये जातं. बादली, जुनं फडकं, आणि सायकल वाळेपर्यंत उन्हात.