दोघंही ठणठणीत असताना क्रोमोसोमची टेस्ट कशाला? क्रोमोसोम म्हणजे नक्की काय?

ताई, तुम्ही विचारलंय की क्रोमोसोम म्हणजे काय, त्यात आईवडिलांची माहिती कशी साठवलेली असते, आणि दोनदा मिसकॅरेज झाल्यावर डॉक्टरांनी तुम्हाला आणि मिस्टरांना, दोघांनाही कॅरिओटाइप (रक्तातल्या पेशींचे क्रोमोसोम मायक्रोस्कोपखाली मोजून-तपासून बघायची टेस्ट) का करायला सांगितलंय. मी सायटोजेनेटिक्स लॅबमध्ये, म्हणजे क्रोमोसोम तपासायच्या लॅबमध्ये काम करते, रोज हेच बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ ताणला तर साधारण २ मीटर भरतो, आणि तो मावतो कुठे, तर पेशीच्या केंद्रकात, जे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतं. मावतो कारण तो हिस्टोन नावाच्या प्रोटीनभोवती गुंडाळलेला असतो, मग त्याला परत पीळ, परत घड्या. असा गुंडाळलेला एकेक लांब धागा म्हणजे एक क्रोमोसोम, शाळेत गुणसूत्र शिकलो तेच. माणसात ४६, त्यातले २३ आईकडून आणि २३ वडिलांकडून. (१९५६ पर्यंत सगळे ४८च धरून चालले होते, मग टियो आणि लेव्हान या शास्त्रज्ञांनी नीट मोजून ४६ दाखवले.)

माहिती असते ती धाग्यावरच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांच्या क्रमात. तीन अक्षरांचा एक गट म्हणजे एक अमिनो ॲसिड (प्रोटीनची एक वीट), आणि अशा गटांच्या ओळीवरून पेशी प्रोटीन बनवते. क्रमाला किती महत्त्व आहे बघा, ११ नंबरच्या क्रोमोसोमवर हिमोग्लोबिनचा बीटा जीन (जीन म्हणजे एका प्रोटीनची माहिती असलेला धाग्याचा तुकडा) आहे, त्यात एका ठिकाणी जीएजीचं जीटीजी झालं, फक्त एक अक्षर बदललं आणि दोन्ही पालकांकडून तोच जीन आला, की मुलाला सिकल सेल हा रक्ताचा आजार होतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे या एका अक्षरापायी किती घरं त्रास काढतायत.

पण हा एका अक्षराचा बदल कॅरिओटाइपमध्ये दिसत नाही हं, हे लक्षात ठेवा. तिथे आम्ही अख्खे क्रोमोसोम बघतो. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त येतं, लाल पेशींना केंद्रकच नसतं म्हणून त्यातल्या पांढऱ्या पेशी ३७ डिग्रीला साधारण ७२ तास वाढवायच्या, विभाजन ऐन रंगात आलं की औषध घालून तिथेच थांबवायचं कारण क्रोमोसोम सुटे आणि जाडसर फक्त तेव्हाच दिसतात, मग पेशी फुगवून स्लाइडवर थेंब सोडायचा, मग ट्रिप्सिन हे एन्झाइम लावून गिम्सा नावाचा रंग चढवायचा. मायक्रोस्कोपखाली प्रत्येक क्रोमोसोमवर गडद-फिके पट्टे उमटतात आणि प्रत्येक नंबरचे पट्टे वेगळे, सवय झाली की नंबर लगेच ओळखू येतो. मोठ्यापासून छोट्याकडे जोड्यांना १ ते २२ नंबर दिलेत (तेविसावी जोडी एक्स-वायची), १ नंबर सगळ्यात मोठा, आणि सगळ्यात छोटा खरं तर २१, पण नंबर आधीच पडून गेले त्यामुळे २२ शेवटी राहिला. हा २१ दोनाऐवजी तीन झाला की डाऊन सिंड्रोम, हे १९५९ मध्ये लज्यून या फ्रेंच डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.

आता तुमचा खरा मुद्दा. कधीकधी दोन क्रोमोसोमची टोकं तुटून एकमेकांना जोडली जातात, याला बॅलन्स्ड ट्रान्सलोकेशन म्हणतात. समजा बाइंडिंगवाल्याने दोन पुस्तकांची शेवटची पानं अदलाबदल करून बांधली, दोन्ही पुस्तकं घरात आहेत तोवर एकही पान कमी नाही, म्हणून तो माणूस बहुतेक वेळा अगदी ठणठणीत असतो. पण बाळाला प्रत्येक जोडीतला एकच क्रोमोसोम जातो, आणि एक बदललेला अन् एक साधा असे गेले की काही पानं दुप्पट आणि काही गायब. तो गर्भ बऱ्याचदा पहिल्या काही महिन्यांत टिकत नाही. वारंवार मिसकॅरेज होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण २ ते ५ टक्क्यांत दोघांपैकी एकाकडे असं काही सापडतं, आणि तो एक नवराही असू शकतो, म्हणून दोघांचं रक्त.

हे मला मनापासून सांगायचंय, कारण लॅबमध्ये बायको एकटी येते आणि सासरी तिलाच बोल लावलेले असतात. ताई, जड उचललं, प्रवास केला, पपई खाल्ली म्हणून क्रोमोसोम तुटत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांतल्या जवळपास निम्म्या मिसकॅरेजमध्ये गर्भाच्या क्रोमोसोमची संख्या किंवा रचना बिघडलेली असते, आणि बहुतेक वेळा आईवडिलांचे रिपोर्ट नॉर्मल येतात, म्हणजे ते त्या एका बीजांडात किंवा शुक्राणूत झालेलं असतं.

रक्त द्यायला उपाशीपोटी जायची गरज नाही. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात, पेशी वाढवायला वेळ जातो म्हणून, घाबरू नका. ट्रान्सलोकेशन आलंच तर रिपोर्ट घेऊन जेनेटिक काउन्सेलरकडे (असे रिपोर्ट समजावून पुढचा सल्ला देणारे तज्ज्ञ) दोघं मिळून जा. असं ट्रान्सलोकेशन असलेल्या कितीतरी जोडप्यांना पुढे निरोगी मुलं झालीयेत, काहींना तर कुठलीही ट्रीटमेंट न घेता.