आयर्लंडच्या जीडीपीवर पैसे लावावेत का?

डब्लिनहून आलेलं पत्र थोडक्यात असं:

‘वय ३८. अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनीअर, पगार वर्षाला १,०५,००० युरो. पत्नी औषध कंपनीत क्वालिटी विभागात, तीही कंपनी अमेरिकन, पगार ६२,०००. मुलगी क्रेशमध्ये जाते. २०२१ मध्ये घर घेतलं, कर्ज ३,४०,००० बाकी. हप्ता धरून महिन्याचा खर्च ४,८००. बँकेत ४५,००० पडून आहेत. कंपनीकडून मिळालेले शेअर (आरएसयू) आज १,४०,००० चे आहेत. विकले तर ५२ टक्के कर जाईल म्हणून हात लावलेला नाही. पेन्शनमध्ये पगाराच्या ३ टक्के भरतो, कंपनी ६ टक्क्यांपर्यंत बरोबरीने भरते. भारतात एक युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) आहे, वर्षाला ५ लाख रुपये, तीन हप्ते झाले. आयर्लंडचा दरडोई जीडीपी जगात अगदी वरच्या रांगेत आहे. कोणत्या क्षेत्राचा त्यात किती वाटा, याचा तक्ता सोबत जोडलाय. इथला एक सल्लागार आयरिश शेअरांशी जोडलेला सहा वर्षांचा बाँड सुचवतोय, मुद्दल सुरक्षित. ४०,००० टाकू का?’

टाकू नका. तुमचा प्रश्न एवढाच होता, पण तक्ता मेहनतीने केलाय आणि त्यातली चूक भल्याभल्यांची होते, म्हणून आधी तक्त्याकडे येतो.

तुमच्या तक्त्यात कारखानदारी आणि माहिती तंत्रज्ञान मिळून निम्म्याहून जास्त आहेत, शेती एक-दीड टक्का. आकडे बरोबर आहेत. पण ते कुणाचे आहेत? आयर्लंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१५ सालचा जीडीपी २६ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर केलं होतं. एका वर्षात. अमेरिकन अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमननी त्याची ‘लेप्रेकॉन इकॉनॉमिक्स’ म्हणून टर उडवली; लेप्रेकॉन म्हणजे आयरिश लोककथांतला जादूई बुटका. त्या वर्षी कॉर्क किंवा गॉलवेमध्ये कारखाने दुपटीने उभे राहिले नव्हते. बड्या अमेरिकन कंपन्यांनी, ॲपल त्यात आघाडीवर, आपली पेटंटं आणि सॉफ्टवेअरचे हक्क आयरिश उपकंपन्यांच्या नावावर केले. हक्क ज्या वहीत, कमाई त्या वहीत. माल चीनमध्ये जुळवला जातो, जर्मनीत विकला जातो, आयर्लंडच्या बंदराचं तोंडही पाहत नाही, आणि तरी आयर्लंडची निर्यात म्हणून नोंदला जातो.

विमानांचंही तेच. १९७५ मध्ये टोनी रायन यांनी शॅननला गिनेस पीट एव्हिएशन काढली आणि विमानं भाड्याने देण्याचा धंदा तिथे रुजला. आज जगातल्या भाड्याच्या विमानांपैकी निम्म्याहून जास्त आयर्लंडमधून सांभाळली जातात. भारतात गो फर्स्ट बुडाली तेव्हा विमानं परत मागायला आलेल्यांत आयरिश कंपन्या होत्याच. या विमानांची भाडी आणि घसारा आयर्लंडच्या हिशोबात. विमान मात्र मुंबईच्या धावपट्टीवर.

हे सगळं इतकं हाताबाहेर गेलं की तेव्हाचे आयरिश मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर फिलिप लेन यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने वेगळं माप सुचवलं आणि २०१७ पासून सांख्यिकी कार्यालय ‘जीएनआय-स्टार’ छापू लागलं. परदेशी मालकांचा नफा, आणून ठेवलेल्या हक्कांचा आणि विमानांचा घसारा वगळला की जीडीपीच्या शंभर युरोंतले साधारण पंचावन्न-साठ उरतात. २०२३ मध्ये तर जीडीपी घसरला, मुख्यतः औषधनिर्यात आटल्यामुळे, आणि त्याच वर्षी जीएनआय-स्टार वाढला, रोजगारही वाढला. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत उलटं झालं: अमेरिकेच्या टॅरिफच्या धास्तीने औषधांची रवानगी आधीच उरकली गेली आणि जीडीपी उसळला. दोन्ही वेळा तुमच्या शेजारच्या सुपरमार्केटमधल्या माणसाच्या खिशात फरक पडला नसेल. आयरिश माणसाचा प्रत्यक्ष उपभोग युरोपीय सरासरीच्या आसपासच आहे. दरडोई जीडीपी सरासरीच्या दुपटीवर.

आता गुंतवणूकदाराच्या कामाचा भाग. तक्त्यातला मोठा वाटा ज्या कंपन्यांचा, त्या डब्लिनच्या शेअर बाजारात नाहीतच. त्या न्यूयॉर्कला आहेत. डब्लिनच्या बाजारात मोठ्या म्हणाव्यात अशा दोन बँका, विमानकंपनी रायनएअर, खाद्यपदार्थांची केरी, इन्सुलेशनची किंगस्पॅन आणि आणखी थोड्या. होत्या त्याही निघाल्या: सीआरएचने २०२३ मध्ये मुख्य नोंदणी न्यूयॉर्कला हलवली, फ्लटरने २०२४ च्या जानेवारीत डब्लिन सोडलं, स्मर्फिट कापा त्याच वर्षी अमेरिकेच्या वेस्टरॉकशी एकत्र होऊन गेली. म्हणजे सल्लागार तुम्हाला जीडीपी दाखवतोय आणि विकतोय बँका, विमानकंपनी आणि इन्सुलेशनचे पत्रे. यातल्या कंपन्या वाईट नाहीत. पण तुमच्या तक्त्याशी त्यांचा संबंध शोधूनच काढावा लागेल.

आणि देश वाढतो म्हणून बाजार वाढतो, हेही एकदा तपासून झालंय. २००७ च्या फेब्रुवारीत डब्लिनच्या शेअर बाजाराचा आयसेक निर्देशांक दहा हजारांच्या घरात होता. तोवर आयर्लंडची भरभराट युरोपला दाखवायची गोष्ट होती. फक्त कामावरच्या दर आठांतला एक माणूस बांधकामावर होता आणि बँका त्याच घरांवर कर्ज वाटत होत्या. मार्च २००९ मध्ये निर्देशांक दोन हजारांच्या खाली आला. नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपीय संघ आणि नाणेनिधीकडे हात पसरावे लागले. घरांच्या किमती शिखरावरून निम्म्यावर आल्या, बेकारी पंधरा टक्क्यांवर गेली. क्षेत्रांचा तक्ता तेव्हाही छान दिसत होता.

बाँडबद्दल दोन मिनिटं. असे बाँड बहुतेक वेळा शेअरांच्या वाढीचा काहीच भाग देतात, लाभांश देत नाहीत. तुमच्या माहितीपत्रकात हे बारीक अक्षरांत असेलच. धरा, वाढीच्या ६० टक्के. सहा वर्षांत शेअर ३० टक्के वाढले तर तुमचे १८ टक्के, म्हणजे ४०,००० वर ७,२००. त्यावर तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त कर. हातात साडेचार हजार आणि थोडे. वर्षाला दोन टक्क्यांहून कमी! तुमच्या गृहकर्जाचं व्याज याहून जास्तच असेल. शेअर वाढलेच नाहीत तर मुद्दल ‘सुरक्षित’ परत, म्हणजे अडीच टक्के महागाई धरली तर ४०,००० ची किंमत साडेचौतीस हजार. सुरक्षित कोण, तर विकणारा.

इथवर तुमच्या प्रश्नाचं. खरं घोडं पेंड खातंय ते पुढे.

तुम्ही देशाचा क्षेत्रवार तक्ता केलात, घराचा केला नाहीत. मी करून पाहिला. तुमच्या घरातल्या उत्पन्नापैकी अमेरिकन बहुराष्ट्रीय कंपन्यांचा वाटा: शंभर टक्के. शेअर आणि रोकड मिळून १,८५,०००, त्यातला एकाच कंपनीचा वाटा: पाऊण. घराची किंमत टिकून आहे ती तशाच कंपन्यांत काम करणारे तुमच्यासारखे लोक रांगेत आहेत म्हणून. ‘एक आयटी, एक फार्मा, म्हणजे विभागणी झाली’ असं तुम्हाला वाटत असेल. आयर्लंडमध्ये ती दोन क्षेत्रं नाहीत. एकाच दोरीची दोन टोकं आहेत. दोन्ही कमी कॉर्पोरेट कराच्या ओढीने आली, दोन्हींचे निर्णय अमेरिकेत होतात, आणि २०२४ मध्ये आयर्लंडहून अमेरिकेला गेलेल्या सत्तर अब्ज युरोंच्या वरच्या मालात निम्म्याहून कितीतरी जास्त औषधं-रसायनंच होती. वॉशिंग्टनमध्ये कर किंवा टॅरिफ बदलला तर दोघांच्याही ऑफिसात एकाच आठवड्यात मीटिंग लागेल.

आयर्लंडकडे निदान सत्तर लाखांच्या आसपास गुरं आहेत, माणसं त्याहून कमी. पाच टक्क्यांच्या आत लोक शेतीत आहेत, पण लोणी, गोमांस, दूधभुकटी यांची कमाई गावात राहते. परदेशी गुंतवणूक आणणाऱ्या सरकारी संस्थेच्या, आयडीएच्या, यादीतल्या कंपन्यांत सुमारे तीन लाख लोक, एकूण काम करणारे सत्तावीस लाखांहून जास्त. बाकीचे इस्पितळं, शाळा, दुकानं, हॉटेलं, बांधकाम यांत आहेत. सरकारलाही धोका कळतो. कॉर्पोरेट कराची वसुली २०१४ मध्ये साडेचार अब्जांच्या आसपास होती, ती २०२४ मध्ये ॲपलच्या खटल्याचे पैसे सोडूनही २८ अब्ज झाली, आणि निम्म्याहून जास्त दहाच कंपन्यांकडून. हा पाऊस कायम राहील यावर विसंबायला नको म्हणून २०२४ मध्ये ‘फ्यूचर आयर्लंड फंड’ काढून त्यातले पैसे बाजूला टाकायला सुरुवात झाली. ज्या देशाच्या जोरावर तुम्ही ४०,००० लावायला निघालात, तो देशच त्या जोरापासून स्वतःला सावरून घेतोय.

तुमच्याकडे मात्र बँकेतले ४५,००० एवढाच काय तो वेगळा पैसा आहे, आणि तोच सहा वर्षं अडकवायचा विचार आहे. मागे उरतील ५,०००. एका महिन्याचा खर्च. ‘पण शेअर आहेत ना’ म्हणाल. २०२२ मध्ये मेटाचा शेअर वर्षभरात साठ टक्क्यांहून जास्त पडला आणि नोव्हेंबरात कंपनीने ११ हजार लोकांना काढलं, त्यांत डब्लिनचेही होते. शेअर नंतर सावरला, खूपच सावरला. पण त्या डिसेंबरात हप्ता भरायला ज्याला विकावे लागले, त्याला पुढच्या वाढीचा काय उपयोग? नोकरी जाते आणि शेअर पडतो तो दिवस बहुधा एकच असतो.

आता ते ५२ टक्के. हा गैरसमज तुम्हाला सगळ्यात महाग पडतोय. शेअर तुमच्या नावावर झाले त्या दिवशी त्यांची किंमत पगार धरली गेली आणि ४० टक्के आयकर, ८ टक्के यूएससी (उत्पन्नावरचा अधिभार) आणि चारेक टक्के पीआरएसआय (सामाजिक विम्याची वर्गणी) कापून गेलं. पगाराच्या स्लिपा काढून बघा, तिथे सापडेल. जे उरलं तेच आज तुमच्या खात्यात आहे. विकताना कर लागतो तो फक्त नावावर झाल्यानंतरच्या वाढीवर, ३३ टक्के, आणि दरवर्षी पहिले १,२७० युरो माफ. मिळाले तेव्हाची किंमत १,१०,००० धरू. वाढ ३०,०००, कर साडेनऊ हजार. एकूण रकमेच्या सात टक्क्यांच्या आत. ५२ च्या भीतीने तुम्ही पाऊण संपत्ती एका खुंटीला टांगून ठेवलीत. स्वतःला एकच विचारा: आज कुणी १,४०,००० रोख दिले असते तर सगळ्यांचे याच कंपनीचे शेअर घेतले असते का? नसते, तर विका. पुढे मिळतील तेही मिळाल्या दिवशी विका. तेव्हा कर जवळजवळ शून्य.

पैसे कुठे न्यायचे ते अवघड नाही. ३०,००० बँकेत राहू द्या, ते सहा महिने आहेत. पेन्शन आजच्या आज ६ टक्क्यांवर न्या. तुमचे जादा ३,१५०, करसवलतीनंतर खिशातून १,८९० च जातील, आणि कंपनीचे ३,१५० त्यावर फुकट. १,८९० देऊन ६,३०० मिळतात. जीडीपीचे तक्ते करणारा माणूस हे सोडतो कसं, मला कळत नाही. तुमच्या वयाला पगाराच्या २० टक्क्यांपर्यंत, म्हणजे २१,००० पर्यंत सवलत आहे. हात पोचतील तितकं तिकडे न्या. घरखर्चात जी तूट येईल ती शेअर विकून आलेल्या पैशातून भरा. पूर्ण भरलंत तर वर्षाला सात हजारांहून जास्त कर वाचतो, सव्वा-दीड वर्षात शेअर विकताना भरलेला कर वसूल. पेन्शनच्या आत साधा जागतिक निर्देशांक फंड निवडा, आयरिश नको, टेक्नॉलॉजी तर नकोच. हा पैसा उतारवयापर्यंत अडकतो आणि भारतात परतलात तरी तिथेच राहतो, म्हणून सगळा नेऊ नका. उरलेल्यातून कर्ज थोडं फेडा. व्याजदर फिक्स असेल तर दंडाशिवाय किती भरता येतं ते बँकेला आधी विचारा. पेन्शनबाहेर ईटीएफ (शेअरसारखा बाजारात मिळणारा फंड) घ्यायचा मोह झाला तर तिथला कर समजून घ्या: नफ्यावर २०२६ पासून ३८ टक्के, आणि विकला नाही तरी दर आठ वर्षांनी वसुली.

युलिप. ‘करमुक्त’ म्हणून विकला असणार. २०२१ च्या फेब्रुवारीनंतर घेतलेल्या, वर्षाला अडीच लाखांहून जास्त हप्त्याच्या युलिपचा नफा भारतात करपात्र आहे. तुमचा हप्ता ५ लाख. विमा दहापट धरला तरी ५० लाख, म्हणजे साधारण ५०,००० युरो, तुमच्या घराचा दहा महिन्यांचा खर्च. पुढचे हप्ते बंद केलेत तर पैसे पाच वर्षं पुरी होईपर्यंत बंद-पॉलिसी फंडात किमान ४ टक्क्यांवर राहतात. मी बंद केला असता. आधी दोघांचा टर्म विमा आयर्लंडमध्येच घ्या, कर्जाबरोबर घेतलेला विमा फक्त बँकेचे पैसे फेडतो. आयर्लंडमध्ये या युलिपवर कर कसा लागेल ते तिथल्या करसल्लागाराला कागद दाखवून विचारा, विकणाऱ्याला नको.

शेअर विकण्याआधी ते केव्हा, किती किमतीला नावावर झाले याची यादी काढून ठेवा. जानेवारी ते नोव्हेंबरमध्ये विकलेत तर कर त्याच वर्षीच्या १५ डिसेंबरपर्यंत भरावा लागतो, डिसेंबरमध्ये विकलेत तर पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत. वर्ष संपत आलं असेल तर अर्धे डिसेंबरात, अर्धे जानेवारीत विकून १,२७० ची माफी दोनदा घेता येईल. त्यात चारशे युरो वाचतात. तेवढ्यासाठी महिनाभर थांबा हवं तर, वर्षभर नको.