पाय रात्री शिवशिवतात, डोळे दिवसा मिटतात

प्रश्न : मी ५४ वर्षांची असून इंदूरच्या रामबाग भागात राहते आणि एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करते. गेली दोन वर्षे संध्याकाळ झाली की पोटऱ्यांत आतून काहीतरी वळवळल्यासारखे होते. दुखत नाही, पण पाय हलवल्यावाचून राहवत नाही. घरात फेऱ्या मारल्या की थांबते, आडवे झाले की पुन्हा सुरू होते. सासूबाई याला वात म्हणतात आणि पोटऱ्यांना ओढणी बांधायला सांगतात. झोप यावी म्हणून मी सहा महिन्यांपासून रोज रात्री सर्दीची गोळी घेते. दुपारी मात्र कामावर डोळे मिटतात आणि मागच्या आठवड्यात सिग्नलला स्कूटरवरच डुलकी लागली. हिमोग्लोबिन १२.१ आहे. मी घोरते, असेही यजमान म्हणतात. हे सारे पायांमुळेच होत आहे का?

उत्तर : पायांचे निदान आपल्या पत्रातच जवळजवळ झालेले आहे. पाय हलवण्याची अनावर ओढ, स्वस्थ बसल्यावर तिची वाढ, हालचालीने तात्पुरता उतार आणि संध्याकाळनंतरचा जोर ही चारही लक्षणे एकत्र असली आणि पायांत गोळे येणे किंवा सूज यांसारखे दुसरे कारण नसले, की त्या विकाराला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. स्वीडनचे कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. ओढणीच्या दाबाने काहींना घटकाभर बरे वाटते, तेव्हा सासूबाईंना हसू नये. ती रात्रभर घट्ट आवळून मात्र ठेवू नये.

हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून लोह पुरेसे आहे, असे समजू नका. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणारे रसायन, तयार होण्यासाठी लोह लागते आणि शरीरातील साठा आटला तरी हिमोग्लोबिन बरेच दिवस टिकून राहते. म्हणून ताप किंवा संसर्ग नसताना, सकाळी उपाशीपोटी रक्तातील फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा किती भाग लोहाने भरला आहे ते) तपासून घ्यावे. इतर रुग्णांत चालून जाणारा फेरिटिनचा आकडा या विकारात अपुरा ठरू शकतो. तो मिलिलिटरमागे ७५ नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी असल्यास लोह देण्याचा विचार केला जातो. गोळी सुरू झालीच तर ती चहासोबत घेऊ नका. आपल्याकडे पोह्यांवर लिंबू पिळतात ते लोहाच्या शोषणाला पोषक असते, पण पाठोपाठ येणारा चहा तो लाभ बराचसा घालवतो.

आता त्या सर्दीच्या गोळीविषयी, कारण माझ्या मते आपले निम्मे दुखणे तिथे असू शकते. क्लोरफेनिरामाइन किंवा डायफेनहायड्रामाइन असलेल्या गोळ्यांनी गुंगी येते हे खरे, पण त्याच गोळ्या पायांची वळवळ वाढवतात आणि त्यांची सुस्ती दुसऱ्या दिवशीही रेंगाळते. गोळीच्या वेष्टनावर यांपैकी नाव असल्यास ती आपल्या डॉक्टरांना दाखवून बंद करावी. मळमळीवरील मेटोक्लोप्रामाइड आणि नैराश्यावरील काही औषधेही असाच त्रास देतात. नैराश्याचे औषध मात्र परस्पर थांबवू नये.

दिवसाच्या झोपेचे कोडे याने पूर्ण सुटत नाही. या विकारात झोप कमी होते, थकवा येतो, लक्ष लागत नाही. तरीही झोपमोडीच्या मानाने अशा रुग्णांना दिवसा डुलक्या पुष्कळदा कमीच येतात. दुपारी आडवे झाले तरी झोप लागत नाही, अशी त्यांची तक्रार असते. सिग्नलला डोळा लागणे या चित्रात बसत नाही. त्यात आपण घोरता, त्यामुळे झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, तपासलाच पाहिजे. यजमानांना दोन-तीन रात्री दोन गोष्टी पाहायला सांगा : घोरणे मध्येच थांबून मग दचकल्यासारखा श्वास येतो का, आणि झोपेत पाय ठरावीक अंतराने झटके देतात का. त्यांचे निरीक्षण घेऊन छातीच्या किंवा झोपेच्या विकारांच्या तज्ज्ञांकडे जावे. रात्रभराची झोपेची चाचणी लागेल की नाही, हे ते ठरवतील.

लोह पुरेसे असूनही पायांचा त्रास उरला, तर हल्ली गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन आधी देतात, पण दोन्हींनी गुंगी येते आणि मूत्रपिंडाचे कार्य पाहूनच मात्रा ठरते. पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रॅमिपेक्सोलने आरंभी छान गुण येतो, पुढे मात्र तोच त्रास दुपारीच सुरू होऊन हातांपर्यंत पसरू शकतो आणि काहींना दिवसा अचानक झोप लागते. म्हणून श्वासाचा प्रश्न निकाली लागेपर्यंत यांपैकी काहीही स्वतः आणून घेऊ नका, आणि तोवर स्कूटरही चालवू नका.