काळ्या रानात सेन्सर रोवण्याआधी

पाण्याची मोटार आपोआप चालू-बंद करणारं यंत्र करायचं म्हणतोस, कर. पण आधी दोन रात्री शेतावर काढ. लाईट येते कधी, काका बॅटरी घेऊन विहिरीवर जातात कसे, ते डोळ्यांनी बघ.

ओलावा मोजायला उघड्या दांड्यांचा स्वस्त सेन्सर घेऊ नकोस, करंटने दांड्या गंजतात. कपॅसिटिव्ह घे, त्यात उघडा धातू मातीला लागत नाही. आपल्या काळ्या मातीत मात्र तोही फसतो: माती वाळून भेगाळली की त्याच्याभोवती पोकळी होते आणि आकडा कोरडाच येतो. लातूरकडच्या एका रानात माझं हेच झालं. सरीत पाणी तुंबलं तरी मोटार थांबेना. आता मी चिखल कालवून सेन्सर त्यात घट्ट बसवतो आणि वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाल्यावर, आकडे जुळवतो.

यंत्राचा मेंदू असलेल्या आर्डुइनो बोर्डाचा रिले, म्हणजे छोटा स्विच, थेट मोटारीला लावू नकोस, त्यानं स्टार्टरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीचा जड स्विच, चालव. तीन फेजांपैकी एक गेला किंवा विहिरीनं तळ गाठला, तर मोटार बंद पडलीच पाहिजे.

आणि लाईट येताच मोटार उठवू नकोस. शिवारातल्या सगळ्या एकदम उठल्या की डीपी, म्हणजे शिवाराचा ट्रान्सफॉर्मर, जळतो, मग ऐन हरभऱ्याच्या पाण्याला गाव ताटकळतं. प्रत्येक यंत्राला वेगवेगळी, चार-सहा मिनिटं थांबायला लाव. हातानं चालवायचं बटण ठेवच.