दोनच दिवस मंगळूर, मग खायचं काय काय?

प्रश्न: ताई, नोव्हेंबरमध्ये मी, नवरा आणि सासूबाई मंगळूरला जातोय, शनिवार-रविवार दोनच दिवस. आम्ही दोघं पक्के मासेखाऊ, सासूबाई शाकाहारी. घी रोस्ट सोडलं तर तिथलं काही माहीत नाही. बघायच्या जागांची यादी मात्र बारा झालीये, कसं जमवू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधी त्या बारातल्या दहा काढा, अगदी मनापासून सांगतेय. दोन दिवसांत जेवणं-नाश्ते धरून सहा-सात वेळा खाणार तुम्ही आणि तिथे पदार्थाची वेळ चुकली की तो हुकलाच. मत्स्यगंधा एक्सप्रेस लोकमान्य टिळक टर्मिनसवरून (एलटीटी) दुपारी सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते, तर उतरल्या उतरल्या बन्स खा. पाव नव्हे हं, पिकलेलं केळं, दही, जिरं घालून रात्रभर मुरवलेल्या मैद्याची टम्म फुगलेली गोडसर पुरी, सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी. सासूबाई खूश होतील बघा.

मासे दुपारीच खा. नावं बऱ्याचदा तुळूत असतात म्हणून सांगून ठेवते, बंगुडे म्हणजे बांगडा, अंजल म्हणजे सुरमई, मरवाई म्हणजे तिसऱ्या आणि काणे म्हणजे आपली मुडदुशी. काणे रवा फ्राय सोडू नका, आणि बांगडा पुळीमुंची, पुळी म्हणजे आंबट, मुंची म्हणजे मिरची, आपल्या तिखल्याची आठवण येते पण चिंचेचा हात सढळ. सोबत नीर डोसा मागवा, नीर म्हणजे पाणी, आपल्या घावनाचा सख्खा भाऊच. नोव्हेंबर निवडलात ते फार बरं केलंत, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते.

घी रोस्ट, म्हणजे तुपात परतलेलं मसालेदार चिकन, खा जरूर, पण तो मूळचा कुंदापूरचा, मंगळूरपासून साधारण 90 किमी उत्तरेला. चिकन एकदाच खाणार असाल तर मी कोरी रोट्टी म्हणेन. तांदळाची कागदासारखी पातळ, वाळलेली कडक रोट्टी, ताटात कडाकड मोडायची आणि वर नारळाच्या रसातली गरम कोंबडी ओतायची. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा फोटो काढत बसले होते, तर शेजारच्या टेबलवरचे काका कोंकणीत म्हणाले, आधी जेव गो. बरोबर होतं त्यांचं, खालची रोट्टी रस पिऊन मऊ आणि वरची अजून कुरकुरीत, हे दोन-चार मिनिटंच टिकतं.

सासूबाईंची काळजी करू नका. कार स्ट्रीटच्या बाजूला कोंकणी वस्ती जुनी, हिंगाची फोडणी दिलेली दाळीतोय, म्हणजे पातळ डाळ, आणि भात त्यांना घरच्यासारखा वाटेल. पत्रोडे म्हणजे आपली अळूवडीच, फक्त बेसनाऐवजी वाटलेले तांदूळ. संध्याकाळी गोळीबजे, म्हणजे मैद्याची गोल भजी, रात्री उंच ग्लासातलं गडबड आइस्क्रीम, ते तिघांत एक पुरत नाही, दोन तरी घ्या.

बघायला सेंट अलॉयशियस चॅपल ठेवा, भिंती आणि छत मोस्केनी नावाच्या इटालियन जेझुइट धर्मबंधूंनी 1899 ते 1901 मध्ये रंगवलंय, तासभर मान वर करून बघा. आणि एक संध्याकाळ पणंबूर किंवा तण्णीरबावीच्या किनाऱ्यावर.

येताना रोट्टीची पाकिटं आणा, पण हातातल्या पिशवीत धरा, बॅगेत कोंबलीत तर घरी चुराच पोचेल.